पाहुणचाराचं वजन

अनुप गोरडेला विमान कंपनीत नोकरी लागली ती बकऱ्यांमुळे. मुलाखतीत हे लपवायची सोय नव्हती, कारण अर्जातल्या 'पूर्वानुभव' या रकान्यात त्यानं स्वतःच ते लिहून ठेवलं होतं.

त्याचे मामा बकऱ्यांचे व्यापारी. त्या बाजारात काटा नसतो. घेणारा बकऱ्याच्या कमरेवर हात ठेवतो, जरासा उचलून बघतो आणि आकडा सांगतो. अनुप हात न लावता सांगायला शिकला, बकरा पाय कसा टाकतो तेवढं बघून. पुढे यवतमाळच्या एस.टी. स्टँडवर उभं राहून त्यानं माणसांवर सराव केला. दोन्हींत फारसा फरक नाही असं त्याचं मत झालं. एवढंच की बकरा आकड्यावरून वाद घालत नाही.

'पाखरू एअर'ला असाच माणूस हवा होता. त्याला कारण एक कायदा. काही वर्षांपूर्वी एका मोठ्या विमानतळावर एका मुलीचं वजन भल्यामोठ्या पडद्यावर झळकलं, ते मुलाकडच्यांनी वाचलं आणि ठरलेलं लग्न मोडलं. मुलगी कोर्टात गेली. वजन ही माणसाची खाजगी बाब आहे, कोणालाही प्रवासासाठी काट्यावर उभं करता येणार नाही, असा निकाल लागला. पण लहान विमानाला तर वजन कळायलाच हवं. मग सरकारनं मधला मार्ग काढला. एक प्रशिक्षित माणूस नुसतं बघून अंदाज करील, तो आकडा प्रवासाच्या पासवर छापला जाईल, आणि प्रवासी त्याखाली 'मान्य' म्हणून सही करील. या पदाचं नाव वजन-अंदाजक. कंपनीनं अनुपला छातीवर लावायला बिल्लाही दिला.

प्रशिक्षण सहा दिवसांचं होतं. पहिल्या दिवशी मास्तरांनी फळ्यावर विमान काढलं. अनुपला त्यात बैलगाडी दिसली. गाडीत मागं जास्त कडबा भरला की गाडी उलाळ होते, जू वर उठतं आणि बैल लटकतात. पुढं जास्त भरला की सगळा भार बैलांच्या मानेवर येतो. विमानाचं तेच, फक्त बैल नसतात. विमानाच्या नाकाशी एक काल्पनिक रेघ मानायची, ती आधाररेषा. तिथपासून प्रत्येक खुर्ची जितकी लांब, ती तिची भुजा. माणसाचं वजन गुणिले भुजा म्हणजे आघूर्ण, म्हणजे तो माणूस विमानाला किती कलवतो ते. सगळी आघूर्णं मिळवायची, एकूण वजनानं भागायचं. जो आकडा येतो तिथं विमानाचा गुरुत्वमध्य, म्हणजे तिथं एक बोट लावून अख्खं विमान तोलून धरता येईल. हा बिंदू ठरलेल्या दोन खुणांच्या आत असला तर विमान ऐकतं. मागं गेला तर ते आभाळात उलाळ होतं. पुढं गेला तर उतरताना नाक उचलत नाही.

पेट्रोलचं विमान उडता उडता हलकं तरी होतं. 'पाखरू'ची विमानं विजेवर चालत, जितकी जड उडत तितकीच जड उतरत. म्हणून त्यांच्या पोटात रुळावर सहाशे किलोची बॅटरी बसवलेली होती आणि 'समतोल' नावाची संगणकप्रणाली ती पुढं-मागं सरकवी. माणसं मागं जास्त बसली तर बॅटरी पुढं, पुढं बसली तर मागं. अनुपनं फक्त सहा प्रवाशांचे आणि वैमानिकाचा, असे सात आकडे भरायचे.

"खरे भरायचे," मास्तर म्हणाले होते. सहाही दिवस म्हणाले होते.

नोकरीच्या दुसऱ्याच दिवशी यवतमाळच्या विमानतळावर तहसील कचेरीतल्या एक बाई काउंटरवर आल्या. अनुपनं लिहिलं, बहात्तर. बाईंनी पास वाचला, मग अनुपकडे असं पाहिलं की त्याला आपण त्यांच्या घरात न विचारता शिरल्यासारखं वाटलं.

"साठ होय," बाई म्हणाल्या.

"ताई, साठ नाई वाटत."

"तुले वाटून काय करायचं हाय? सही मी करून राह्यलो ना?"

मागं पाच माणसं खोळंबली होती. अनुपनं साठ लिहिलं. बाई हसल्या, पर्समधून खोबऱ्याची वडी काढून त्याच्या हातावर ठेवली आणि विमान पुण्याला सुखरूप पोचलं. काही झालं नाही. काही झालं नाही, ही फार वाईट सवय लावणारी गोष्ट असते.

महिन्याभरात अनुपचा हात बसला. चौऱ्याऐंशीचे सत्तर, नव्वदचे पंचाहत्तर. बाया खूश, बुवा खूश. एक पैलवान तेवढा उलटा भांडला. त्याला एकशे दहा हवे होते, तो ब्याण्णवचा होता. कंपनीच्या ग्राहक-समाधानाच्या तक्त्यात यवतमाळ पहिलं आलं. मुंबईहून मॅनेजर बोबडे यांचा फोन आला, "गोरडे, काय जादू करता?" अनुप म्हणाला, "पाहुणचार, सर."

असे चौदा महिने गेले. मग त्याची आई निघाली.

चंद्रकलाबाईंना पुण्याला लेकीकडे जायचं होतं, मोतीबिंदूच्या ऑपरेशनला.  आई विमानात बसणार म्हटल्यावर अनुपला आदल्या दिवसापासून फळ्यावरचं ते विमान दिसू लागलं. सकाळी काउंटरवर त्यानं सहाही प्रवाशांचे खरे आकडे लिहिले. चौदा महिन्यांत पहिल्यांदा.

पहिले आले निवृत्त मुख्याध्यापक. "चौऱ्याऐंशी? मागच्या महिन्यात मी सत्तर होतो."

"आज चौऱ्याऐंशी, सर."

"एका महिन्यात चौदा किलो? मी काय विटा खातो का?"

सरांनी रागारागानं सही केली. मागचे चौघंही तसेच, फुगलेले. शेवटी आई. तिनं पास डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, पुन्हा जवळ आणला.

"किती हाय हे?"

"अठ्ठ्याहत्तर."

"लोकायच्या मायले बासष्ट लिवतं, अन् सोताच्या मायले अठ्ठ्याहत्तर?"

"माय, आज तू बसून राह्यली ना विमानात."

"मंग? लोकायच्या माया बैलगाडीत बसते का?"

अनुपनं पेन पुढं केलं. आईनं सही केली, डब्याची पिशवी उचलली आणि मागं न बघता विमानाकडे चालू लागली. जिन्यावर उभ्या कॅप्टन ऋजुता पेंडसेंनी तिला हात दिला आणि लांबून अनुपला अंगठा दाखवला. त्यानंही दाखवला.

सव्वा तासानं बातमी आली. पुण्याजवळच्या धावपट्टीवर उतरताना विमानाचं नाक उचललं गेलं नाही. पुढचं चाक आधी आपटलं, मोडलं, आणि विमान नाकावर घसरत गवतात जाऊन थांबलं. प्रवाशांना मुका मार. आईच्या कपाळाला टेंगूळ. कॅप्टनचं उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं होतं.

अनुप दुपारच्या एस.टी.नं पुण्याला निघाला, विमानांची उड्डाणं बंद होती म्हणून. बाराएक तासांच्या त्या प्रवासात तो एकच वाक्य मनात म्हणत होता: आज तर खरे लिहिले होते.

तीच गोष्ट कंपनीच्याही लक्षात आली. दवाखान्यात औषधाचा डोस ठरवायला सहाही जणांना काट्यावर उभं केलं होतं. (दवाखान्याला तो कायदा लागू नव्हता.) सहाही आकडे अनुपच्या आकड्यांशी तंतोतंत जुळले. बोबडेंना हर्ष झाला. अपघाताच्या बातम्यांमध्ये कंपनीबद्दल सांगण्यासारखी ही एकच चांगली गोष्ट होती. यवतमाळला परतल्यावर अनुपला शाल, श्रीफळ आणि 'अचूक अंदाजक' असं कोरलेली काचेची ढाल मिळाली. वजनं बरोबर, बॅटरी 'समतोल'नं हलवलेली, विमान चाचणीत निर्दोष. उरलं कोण? कॅप्टन. संगणकानं त्या उतरण्याची नक्कल करून निष्कर्ष काढला: वैमानिकानं नाक उचलायची दांडी एक पूर्णांक दोन सेकंद उशिरा ओढली. परवाना निलंबित. चौकशी पुढल्या गुरुवारी.

अनुपनं शाल अंगावर घेतली आणि त्याला ती जड लागली. अंदाजे चारशे ग्रॅम.

शनिवारी कॅप्टनचा फोन आला.

"अभिनंदन रे. ढाल मिळाली म्हणे."

"मॅडम, हात कसा आहे?"

"हात काय, जुळेल. अनुप, एक विचारू? तू नेहमी बघतोस मला उतरताना. मी उशिरा ओढते का रे?"

"नाही, मॅडम."

"मला आठवतं मी वेळेवर ओढली. पोटापर्यंत ओढली होती. पण रोज त्यांची ती नक्कल बघते ना, तर आता वाटायला लागलंय की नसेल ओढली. उडतानाही नाक उशिरा उठलं होतं. मी म्हटलं, ऊन आहे, हवा पातळ झाली असेल. तेव्हाच थांबायला हवं होतं. असो. तुझे आकडे तरी बरोबर होते. नाहीतर तुझ्या आईचं मी काय केलं असं वाटत राहिलं असतं."

फोन ठेवल्यावर अनुपनं जेवण केलं नाही. त्यानं त्या दिवसाचं भारपत्रक, म्हणजे विमानातल्या वजनांचा छापील कागद काढला आणि प्रशिक्षणात शिकवलेला हिशेब हातानं मांडला. सात वजनं, सात भुजा, गुणाकार, बेरीज. हिशेबानं बॅटरी जिथं असायला हवी तिथं कागदावर ती नव्हती. एकोणतीस सेंटिमीटर पुढं होती. वीतभर आणि वर चार बोटं. सहाशे किलो, वीतभर आणि चार बोटं पुढं.

त्यानं पुन्हा मांडलं. तेच आलं. मग कागदाच्या तळाशी, जिथं कोणी वाचत नाही अशा बारीक अक्षरांत, त्याला एक ओळ सापडली. 'स्थानिक सुधारणा, यवतमाळ: १.२०.'

अनुप त्या ओळीकडे बघत राहिला. मग त्यानं साठला एक पूर्णांक दोननं गुणलं. बहात्तर. सत्तरला गुणलं. चौऱ्याऐंशी.

'समतोल' मूर्ख नव्हती. विमान किती मीटर धावून उठलं, दांडी किती ओढावी लागली, यावरून ती रोज मागून ताळा बघायची. पहिल्या महिन्यातच तिच्या लक्षात आलं की यवतमाळचा माणूस जे सांगतो त्याहून विमान जड असतं, आणि नेहमी तितक्याच पटीनं. का, हे तिनं विचारलं नाही. ती मुकाट्यानं प्रत्येक आकडा एक पूर्णांक दोननं वाढवून घेऊ लागली. अनुप खोटं बोलायचा, ती समजून घ्यायची. सुखी संसारात चालतं तसं चौदा महिने चाललं. आणि मग एके सकाळी अनुप न सांगता खरं बोलला. एका दिवसाचं खरं तिच्या लेखी मोजण्यात नव्हतं. तिनं तेही वाढवून घेतलं. मागच्या खुर्च्यांवर नसलेले शहाऐंशी किलो तिला दिसले आणि ते तोलायला तिनं बॅटरी पुढं सारली.

संगणकाची नक्कलही त्याच वाढीव आकड्यांवर चालली होती. म्हणून तिच्यात नाक उठत होतं. कॅप्टनच्या हातात नव्हतं उठलं.

अनुपनं आईला फोन लावला. ऑपरेशन झालं होतं, ती डोळ्यांवर काळा चष्मा लावून बसली होती. त्यानं सगळं सांगितलं, एका दमात.

 आई म्हणाली, "म्हंजे त्या मशीनले मी किती वाटलो?"

"त्र्याण्णव. वर थोडं."

"त्र्याण्णव!" तिनं आकडा पुन्हा म्हणून पाहिला. "अन् त्या पोरीचा हात मोडला, नोकरीबी चालली."

"हो."

"तिनं मले घसरलेल्या विमानातून उतरवलं, डाव्या हातानं. उजवा लोंबून राह्यला होता. मले म्हने, काकू, डबा राहू द्या." आईचा आवाज बारीक झाला. "तू मले काय विचारून राह्यला मंग? तुले समजून नाई राह्यलं का?"

"माय, नोकरी जाईन. केसबी होईन."

"होईन तं होईन," आई म्हणाली आणि फोन ठेवला.

चौकशी पुण्यातल्या कार्यालयात होती. चौकशी अधिकारी प्रभुदेसाई, वायुदलातून निवृत्त झालेले, ताठ, मिशा कातरलेल्या. कंपनीतर्फे बोबडे. एका बाजूला प्लास्टरमधला हात मांडीवर ठेवून कॅप्टन पेंडसे. अनुपला 'वजनं अचूक होती' एवढं सांगायला बोलावलं होतं.

"वजनं अचूक होती," अनुप म्हणाला. "म्हणूनच विमान आपटलं."

मग त्यानं चौदा महिन्यांचं सांगितलं. सांगताना तो कॅप्टनकडे बघू शकला नाही, म्हणून समोरच्या पाण्याच्या ग्लासाकडे बघत बोलला.

बोबडे आधी हसले. "सर, हा भावनिक झालाय. आई होती ना विमानात. एक पूर्णांक दोन ही उष्णतेची सुधारणा असणार. विदर्भ आहे तो. या मुलाचे सहाच्या सहा आकडे दवाखान्याच्या काट्याशी जुळले आहेत. याला आम्ही ढाल दिली आहे."

प्रभुदेसाईंनी चष्मा काढला. "गोरडे, तुमच्याविरुद्ध पुरावा असा आहे की तुम्ही अचूक आहात. मागच्या चौदा महिन्यांतल्या प्रवाशांना आता मी काट्यावर उभं करू शकत नाही. कायदा आहे. प्रवासी स्वतः सह्या करून बसलेत. शिकलेसवरलेले लोक खोट्या आकड्याखाली सही कशाला करतील?"

"करतात, साहेब."

"कशावरून?"

अनुपनं त्यांच्याकडे पाहिलं. मघाशी ते दारातून खुर्चीपर्यंत चालत आले होते, तेवढं त्याला पुरेसं होतं. त्यानं समोरच्या कोऱ्या कागदावर एक आकडा लिहिला, खाली 'मान्य' लिहून सहीसाठी रेघ मारली आणि कागद टेबलावरून पुढं सरकवला. शहाऐंशी.

प्रभुदेसाईंनी वाचला. त्यांची पाठ आणखी ताठ झाली. पोट आत गेलं.

"हे चूक आहे," ते म्हणाले.

"किती लिहू, साहेब?"

"अठ्ठ्याहत्तर. फार तर एकोणऐंशी. रोज सकाळी चालतो मी."

"एकोणऐंशी लिहितो." अनुपनं खोडून लिहिलं. प्रभुदेसाईंनी पेन उचललं, आणि पेन कागदाला टेकल्यावर थांबले.   बोबडे आपल्या स्वतःच्या पोटाकडे बघत होते.

प्रभुदेसाईंनी पेन खाली ठेवलं. "समतोलच्या सगळ्या नोंदी मागवा," ते लेखनिकाला म्हणाले. "नक्कल खऱ्या वजनांवर पुन्हा चालवा. आत्ता."

नक्कल चालायला वीस मिनिटं लागली. खऱ्या वजनांवर, वीतभर पुढं गेलेल्या बॅटरीसह, दांडी कितीही लवकर ओढली तरी चाक आपटत होतं. अकरा वेळा चालवली, अकरा वेळा आपटलं. कॅप्टन पेंडसेंचा परवाना परत देण्याची शिफारस झाली. अनुपचा बिल्ला काढून घेण्यात आला. पुढची कारवाई टपालानं कळवू, असं बोबडे म्हणाले. ढालही परत करावी लागेल, असं त्यांनी जाता जाता सांगितलं.

अनुप बाहेर व्हरांड्यात येऊन भिंतीशी उभा राहिला. छाती मोकळी होईल असं त्याला वाटलं होतं. झाली नाही. कॅप्टन बाहेर आली. तो हात जोडू लागला, पण तिचा एक हात गळ्यात अडकवलेला पाहून त्याला ते हात जोडणंही फाजील वाटलं.

"मॅडम, मी..."

"थांब. मला आधी चिडू दे." ती चिडायला उभी राहिली. राहिली खरी, पण ते जमेना. ती व्हरांड्याच्या कठड्याशी गेली, परत आली. "चौदा महिने. मी रोज त्या बॅटरीवर बसून उडत होते. तू एक शब्द बोलला नाहीस."

"मला माहीत नव्हतं, ती सुधारते म्हणून."

"कमी लिहितोस हे तर माहीत होतं ना?"

"हो."

 ती वेगळ्याच आवाजात म्हणाली, "वैमानिकाचंही लिहायचास ना तू? रोज."

"हो, मॅडम."

"माझं काय लिहायचास?"

अनुपनं मघाशी ग्लासाकडे पाहिलं तसं तिच्या बुटांकडे पाहिलं. "त्रेपन्न."

"आणि आहे किती?"

"चौसष्ट."

"पासष्ट," ती म्हणाली. "दिवाळीनंतर पासष्ट." तिनं डोळे मिटले. "रोज सकाळी मी त्या त्रेपन्नखाली सही करत होते. तिथं भारपत्रकाची जबाबदारी कोणाची, असं छापलेलं असतं. वैमानिकाची. मी ते दोनशे वेळा वाचलंय. आणि दोनशे वेळा मनात म्हटलंय, किती चांगला मुलगा आहे हा."

"मॅडम, सगळ्यांनाच..."

"सगळ्यांचं कुठे माहीत होतं मला? मला वाटायचं, फक्त माझंच कमी लिहितोस."

आत प्रभुदेसाई लेखनिकाला निकाल सांगत होते. दारातून त्यांचा आवाज ऐकू येत होता, "वैमानिकाचा कोणताही दोष आढळत नाही, पूर्णविराम." कॅप्टन पेंडसे त्या दाराकडे बघत राहिली. डाव्या हातानं तिनं कागदांची फाईल छातीशी धरली होती, उजवा प्लास्टरमध्ये.

"चल," ती म्हणाली. "तो पूर्णविराम काढायला लावू."

दाराची मूठ फिरवायला तिचा एकही हात मोकळा नव्हता. अनुपनं दार उघडून धरलं.